शेऱ्याचा रकाना

एप्रिलातला तिसरा रविवार. हाप्सालूच्या खाडीत
बर्फ अजून पुरता गेलेला नाही,
काठाकाठानं जुन्या साखरेसारखा विरतोय.
लाकडी मनोऱ्यावर आम्ही सहा जण,
सहा दुर्बिणी, एक थर्मास, आणि वही माझ्याकडे.
वही नेहमी माझ्याकडेच असते.
तीस वर्षं बँकेत काढली;
आकडा जुळला नाही तर मला झोप येत नाही.

सव्वासातला ऊकू ओरडला,
ओरडला म्हणजे कुजबुजला,
पक्षी बघणारी माणसं ओरडतात ती अशीच:
राजा आयडर. नर. लव्हाळ्यांच्या डावीकडे.

सगळ्या नळ्या डावीकडे वळल्या.
होता. खरंच होता.
निळसर डोकं, चोचीवर नारिंगी उंचवटा,
आणि पाण्यावर बसण्याचा असा रुबाब
की बाकीची बदकं त्याच्यापुढे कारकून वाटावीत.
(मी कारकून होतो. मला कळतं.)

ऊकूनं पॅर्नूला फोन लावला.
नऊच्या आत हेल्ये हजर, शंभरावर किलोमीटर तुडवून,
एका पायात बूट, दुसऱ्यात घरातली सपाता.
मात्ती म्हणाला, दुसऱ्या वर्षाचा असावा, पाठीवरचं पांढरं बघा.
रेन म्हणाला, छे, तिसऱ्या.
हेल्ये म्हणाली, किती शांत आहे!
दमला असेल, ऊकू म्हणाला, कुठून कुठून आलाय.

आम्ही त्याला वय दिलं, प्रवास दिला, थकवा दिला.
हलण्याचं तेवढं त्याच्यावर सोपवलं होतं.

पावणेअकराला एक कुरव खाली आला,
सरळ राजाच्या डोक्यावर बसला
आणि शिटला.
राजा कलंडला.
पोटाला शिशाची पट्टी, चार खिळे, तुटकी दोरी.

आधी कुणीच बोललं नाही.
मग मात्ती फळीवर बसकण मारून असा हसला
की मनोरा करकरला आणि खरी होती नव्हती ती बदकं उडाली.
ऊकूचे कान बीटसारखे लाल.
हेल्ये आपल्या सपातेकडे बघत राहिली,
जणू सगळा दोष तिचाच.

लेइदा हसली नाही.
तिनं ऊकूला बाजूला सारलं, मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला,
बराच वेळ.
"डावा डोळा बघा," म्हणाली. "चार भोकं आहेत त्याला.
माझ्या हिरव्या कोटाचं बटण आहे ते.
तेव्हा बटणं मिळायची नाहीत.
मी शेजारणीवर आळ घेतला होता,
ती मरेपर्यंत बोलली नाही माझ्याशी."

आर्व्होनं कोरलेलं, शिकारीसाठी, बदकांना भुलवायला.
राजा आयडर त्यानं जन्मात पाहिला नव्हता;
कॅलेंडरवरच्या चित्रावरून रंगवला.
गेल्या महिन्यातल्या वादळात बोटघराचं दार उडालं,
तेव्हा हाही निघाला असणार.

"एक बदक फसलं नाही त्याला," लेइदा म्हणाली.
"नऊ हिवाळे पाण्यात सोडून बसायचा गुडघे गारठवत.
जवळ यायची, बघायची, निघून जायची.
मी म्हणायचे, अहो, निदान ओळखीचा पक्षी तरी करायचा."
मग आमच्याकडे वळून तिनं बोटानं मोजलं,
स्वतःला धरून.
"सात," म्हणाली. "एका सकाळी सात."
आणि तेव्हा मात्र हसली,
डोळे पुसायला तिला हातमोजा काढावा लागला.

ओढून आणूया का, ऊकूनं विचारलं.
नको, राहू दे, म्हणाली. पोहतोय ना.

घरी आल्यावर रात्री बेरीज केली.
एक जास्त भरत होता.
खोडरबर हातात घेतलं, फुंकलं, ठेवून दिलं.
राजा आयडर, नर, एक.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
डावा डोळा हिरवा.

आकडा चुकीचाच राहिला.
झोप लागली.